नोव्हेना म्हणजे नवस का?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न: "फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेआधी शेजारच्या मावशी 'आमची नोव्हेना चालू आहे' म्हणतात. नोव्हेना म्हणजे नवसच ना? आणि त्यातला 'नो' आपल्या 'नऊ'चाच का?"

नोव्हेना म्हणजे कॅथलिक भाविकांची सलग नऊ दिवसांची प्रार्थना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नातं आहे, पण चुलत. 'नोव्हेना'च्या मुळाशी लॅटिन 'नोव्हेम' आहे, म्हणजे नऊ. तो शब्द आणि संस्कृत 'नवन्' हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले; आपलं 'नऊ' 'नवन्'वरून आलं. नोव्हेंबरमध्येही हाच नऊ आहे, कारण जुन्या रोमन वर्षात तो नववा महिना होता.

नवस मात्र वेगळा, आणि ते क्रियापदांवरून लगेच कळतं. नवस बोलतात, देव नवसाला पावतो, मग नवस फेडतात. त्यात अट आहे आणि देणं आहे. नोव्हेना करतात, नोव्हेनाला जातात. ती कोणी फेडत नाही. मनात हेतू असतो, म्हणजे कुणाचं आजारपण, नोकरी, मूलबाळ. पण 'अमुक झालं तर तमुक करीन' ही अट नोव्हेनाच्या अर्थात येत नाही. मागणं आधीच मांडलेलं असतं आणि नऊ दिवस सलग तेच मांडत राहायचं असतं. या सातत्यातच तिचा भाव आहे, म्हणून तिला नवस म्हणणं मला अजिबात पटत नाही. कॅथलिक भाविकही नवस बोलतात, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात. पण तो आचार निराळा.

नऊच का? येशूचं स्वर्गारोहण पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी आणि पवित्र आत्म्याचं आगमन पन्नासाव्या दिवशी. मधले नऊ दिवस शिष्य आणि मरियामाता यरुशलेममध्ये एकत्र प्रार्थना करत राहिले. नोव्हेनाचा आदर्श तो. आपल्याकडे नवरात्र संपल्यावर दसरा येतो, तसा इथेही सण मोजणीबाहेर राहतो. मरियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला, म्हणून नोव्हेना ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर.

पुढे नऊ दिवसांचे नऊ आठवडेही झाले. माहीमच्या चर्चमध्ये १९४८पासून बुधवारची नोव्हेना चालते. भाविक सलग नऊ बुधवार जातात. येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीत तर नऊ महिन्यांचे पहिले शुक्रवार पाळतात. तिथे नऊ असूनही त्याला नोव्हेना न म्हणता 'पहिला शुक्रवार' असंच म्हणण्याची रीत आहे.

यात्रा आणि नोव्हेना यांचीही गल्लत नको. दर्शनाची रांग, मेणबत्त्या, दूरवरून आलेले सर्व धर्मांचे लोक ही यात्रा. तिच्या आधीची तयारी म्हणजे नोव्हेना.

लिहिताना 'नोव्हेना' असंच लिहावं; 'नोवेना'ही चालेल. लिंगाबद्दल विचाराल तर मी स्त्रीलिंगीच वापरतो, 'प्रार्थना'च्या वळणाने. मावशींचं 'आमची नोव्हेना' मला बरोबर वाटतं.