वाचकांचे प्रश्न : मुंबई–लंडन, अंतर एक पण तास वेगळे

प्रश्न (सांगली) : मुंबई–लंडन अंतर ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. मग जाताना पावणेदहा आणि येताना पावणेनऊ तास का लागतात?

उत्तर : ७,२०० हे गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर आहे. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी आणि ज्या देशांची हद्द खुली आहे तिथूनच जातं. साधारण ७,६०० किलोमीटर उडावं लागतं असं धरा. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून मोठा वळसा घ्यावा लागला.

येण्याजाण्यातला फरक मात्र वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात आणि थंडीत ते जोर धरतात. ताशी ९०० हा वेग हवेतला; जमिनीवरचा वेग वाऱ्यावर ठरतो. वाटेत सरासरी ७० चा वारा मिळाला, तर जाताना वेग ८३० उरतो आणि ७,६०० किलोमीटरला सव्वानऊ तासांच्या आसपास लागतात. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९७०, म्हणून पावणेआठ-आठ तास. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यामुळे धावपट्टीपर्यंतची चाल, चढ-उतारातला कमी वेग आणि हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांसाठी अर्धा-पाऊण तास वर धरा.

प्रश्न (पणजी) : तिकिटावर दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६.१५ ला पोहोचणार असं आहे. प्रवास सव्वापाच तासांचाच?

उत्तर : नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. जाताना हा फरक मिळवायचा : ५.१५ अधिक ४.३०, म्हणजे ९.४५ तास. येताना वजा करायचा. रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.१५ ला मुंबई, म्हणजे १२.४५ वजा ४.३०, सव्वाआठ तास. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारचा बारीक '+१' आवर्जून पाहा. तो नजरेतून सुटला की न्यायला येणारे आदल्या दिवशीच विमानतळावर हजर होतात.

प्रश्न (नाशिक) : शाळेत मुलांना असं अंतर मोजून दाखवता येईल का?

उत्तर : जरूर दाखवा, आणि सपाट नकाशा बाजूला ठेवा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. न ताणला जाणारा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं टोक लंडनवर धरून घट्ट ओढा. दोरा सैल राहिला की अंतर फुगतं. १७ सेंटिमीटर भरले पाहिजेत. मग न्यूयॉर्क घ्या : साडेएकोणतीस सेंटिमीटर, साडेबारा हजार किलोमीटर. दोरा अरबस्तान आणि अटलांटिकवरून सरळ जाईल असं मुलांना वाटतं, पण तो उत्तरेकडे झुकून ६५ अक्षांशाच्या आसपास, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडाच खाली जातो.