पानिपतची उपासमार गेममध्ये का दिसत नाही?

प्रश्न : 'एम्पायर : टोटल वॉर' या गेममध्ये मी मराठ्यांची बाजू घेऊन खेळतो. खजिन्यातून फौजेचा खर्च भागला, की ती कितीही दूर नेता येते. दाणागोटा संपला किंवा घोडी उपाशी मेली असे कधी होत नाही. लढाईचे मैदान मात्र अगदी हुबेहूब वाटते. हे चित्र कितपत खरे मानावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मैदानापुरते हे चित्र बरेच खरे आहे. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीच्या, 2009 साली आलेल्या या गेममध्ये तुकडीला संख्याबळाबरोबर धीरही असतो आणि सेनापती पडला किंवा बगल उघडी पडली, की माणसे शिल्लक असतानाही ती पळ काढते. 14 जानेवारी 1761 रोजी दुपारी पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडल्यावर मराठी फौजेत जी फाटाफूट झाली, ती याच जातीची होती.

खरी गोम घड्याळात आहे. या गेममध्ये 1700 ते 1799 हे शतक खेळायचे असते, नकाशावरची एक चाल म्हणजे सहा महिने असतात आणि मैदानात उतरताच तेच घड्याळ मिनिटांवर येते. मराठ्यांच्या लढायांचा निकाल मात्र बहुधा या दोहोंच्या मधल्या काळात, आठवड्यांत आणि पंधरवड्यांत, लागत असे. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, तो भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला आणि त्यानंतरचे अडीच महिने पानिपतच्या छावणीत लढवय्ये, बुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसे) आणि यात्रेकरू एकाच आटत्या साठ्यावर जगत राहिले. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. चारा आणि लाकूडफाटा आणायला निघालेली कही सुखरूप परत येईल याचीही खात्री उरली नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून फौज बाहेर पडली, तेव्हा निम्मा निकाल लागून गेला होता. गेममध्ये हा सगळा वेढा एका चालीच्या पोटात गडप होतो आणि आपल्या वाट्याला ताज्या दमाची माणसे येतात.

पालखेडचे तर याहून अवघड आहे. 1728 साली बाजीरावांनी निजामाला पुण्याच्या मुलखातून बाहेर खेचले, जड तोफा मागे ठेवून धावायला लावले आणि पालखेडजवळ त्याचे पाणी व रसद तोडून, फारशी लढाई न देताच, मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह करायला भाग पाडले. शत्रूला लढू न देण्यातच ज्या मोहिमेचे सारे कौशल्य आहे, ती लढाईसाठी रचलेल्या गेममध्ये कुठे बसवायची?

राज्य म्हणजे काय, याबद्दलची या गेमची समजूतही युरोपी वळणाची आहे. शेवटचा प्रांत गेला, की खेळाडू बाद. प्रत्यक्षात गेम सुरू होतो त्याच 1700 साली मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले, एप्रिलमध्ये सातारा मोगलांच्या हाती गेला आणि तरीही ताराबाईंच्या काळात मराठी फौजा चौथाई वसूल करत मोगली मुलखात फिरत राहिल्या. (त्या वर्षी ज्याला 'मराठा संघराज्य' म्हणता येईल असे काही नव्हतेच, पण गेमला बाजूचे काहीतरी नाव हवे असते.)

प्रश्न : मग रसद नीट दाखवणारा एखादा गेम आहे का?
— तेच वाचक

उत्तर : याच कंपनीने पुढच्याच वर्षी 'नेपोलियन : टोटल वॉर'मध्ये एक चाल दोन आठवड्यांची केली आणि बर्फात व वाळवंटात फौज झिजू लागेल अशी सोय केली. रशियाची मोहीम दाखवायची, तर एवढे करणे भागच होते. मात्र त्या नकाशात हिंदुस्थान नाही. हिंदुस्थान हवा असेल तर 'युरोपा युनिव्हर्सालिस 4' पाहावा. त्यात घड्याळ दिवसादिवसाने चालते, प्रत्येक प्रांत ठरावीक फौजच पोसू शकतो आणि त्याहून जास्त माणसे नेली, तर दरमहा गळती सुरू होते. मोठी फौज एका जागी अडकून पडण्याचा अर्थ तिथे चटकन कळतो. उणीव अशी, की रसदेचे तांडे नकाशावर नसल्याने ते लुटता येत नाहीत, आणि लढाई म्हणजे फाशांनी ठरणारी आकडेमोड असते. पानिपतच्या आधीचे अडीच महिने समजून घ्यायला मी हाच गेम सुचवेन. शेवटच्या दिवसासाठी आपल्याकडे आहे तोच पुरे.