तुझ्या तक्त्यातले तीन पराभव

अनेक आशीर्वाद, वि. वि.

भारताच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीचा तू केलेला तक्ता आणि त्यासोबतचा लेखाचा कच्चा मसुदा मिळाला. आकडे मी ताडून पाहिले, ते बरोबर आहेत. विश्वचषकात तीन सामने, तिन्ही पराभव, एक गोल केला, नऊ गोल स्वीकारले. माझी हरकत आकड्यांवर नाही, त्यांच्याखाली तू लिहिलेल्या एका वाक्यावर आहे. ‘या संघाची कामगिरी सातत्याने निराशाजनक राहिली आहे,’ असे तू लिहिलेस. ‘निराशाजनक’ या शब्दावर वाद घालता येईल, परंतु मला जास्त खटकले ते ‘या संघाची’ आणि ‘सातत्याने’ हे दोन शब्दप्रयोग. हे पत्र बहुतांशी त्यांच्याबद्दलच आहे.

वरिष्ठ राष्ट्रीय संघाला ‘हा संघ’ म्हणणे चालून जाते. सुनील छेत्री २००५ साली राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला आणि पुढे जवळपास दोन दशके खेळत राहिला. तेथे माणसे एकेक करून बदलतात आणि संघ चालू राहतो. वयोगटाच्या संघाचे तसे नसते. २०१७ च्या विश्वचषकात १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलेच खेळू शकत होती, आणि २०१९ च्या स्पर्धेसाठी तीच मर्यादा २००२ झाली. म्हणजे दर दोन वर्षांनी जवळपास सगळा संघ उठून जातो, दुसरा येऊन बसतो, आणि पाटीवरचे नाव तेवढे कायम राहते. तुझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या तुकडीची आहे. आधीच्या ओळीतल्या मुलांची आणि पुढच्या ओळीतल्या मुलांची कदाचित कधी गाठही पडलेली नसेल. अशा ओळींची बेरीज करून ‘सातत्य’ काढणे म्हणजे एकाच शाळेच्या वेगवेगळ्या वर्षांच्या दहावीच्या निकालावरून एका विद्यार्थ्याची प्रगती मोजण्यासारखे आहे.

नावाचाही एक घोटाळा तू केला आहेस, पण तो नवख्या माणसाकडून हमखास होतो. ‘सोळा वर्षांखालील’ आणि ‘सतरा वर्षांखालील’ असे दोन संघ मानून तू दोन तक्ते केलेस. आशियाई स्पर्धा सम वर्षी सोळा वर्षांखालील म्हणून खेळली जात असे आणि तिच्यातून पात्र ठरलेले संघ पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषकाला जात. तुकडी तीच असे, फक्त एका वर्षाने मोठी झालेली. २०२३ पासून आशियाई स्पर्धेचे नावही सतरा वर्षांखालील आशिया चषक असे झाले. तेव्हा दोन्ही तक्ते एकत्र कर आणि पहिल्या रकान्यात संघाच्या नावाऐवजी जन्मवर्षाची मर्यादा लिही. एवढ्या एका बदलाने अर्धे काम होईल.

आता २०१७ च्या ओळीकडे वळू. त्या वर्षी भारत यजमान होता आणि यजमान म्हणूनच स्पर्धेत होता, ही गोष्ट तुझ्या तक्त्यात कुठेही नाही. आशियाई पात्रतेतून एकही भारतीय संघ तोवर विश्वचषकाला पोहोचला नव्हता. शिवाय जर्मन प्रशिक्षक निकोलाय अॅडम यांच्या हाताखाली तयारी सुरू असलेला हा संघ स्पर्धेच्या वर्षीच पोर्तुगालच्या लुईस नॉर्टन डी मातोस यांच्याकडे सोपवला गेला. त्यांच्या हातात जेमतेम सात महिने होते. गटात अमेरिका, कोलंबिया आणि घाना. तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले आणि ०-३, १-२, ०-४ असे सुटले.

मधला सामना मी प्रेक्षागारात बसून पाहिला. ९ ऑक्टोबरची रात्र होती. पूर्वार्धाच्या अखेरीस राहुल केपीचा फटका खांबाला लागून परतला तेव्हा माझ्या शेजारचे एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि बराच वेळ बसलेच नाहीत. उत्तरार्ध सुरू होताच पेनालोझाने कोलंबियाला आघाडी दिली. ८२ व्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला. संजीव स्टॅलिनने तो घेतला, गोलासमोरच्या गर्दीत जीक्सन सिंग सगळ्यांपेक्षा वर उठला आणि त्याच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला. भारताचा कोणत्याही वयोगटातल्या फिफा विश्वचषकातला तो पहिला गोल. त्यानंतर जो आवाज झाला त्याचे वर्णन मी करत नाही, कारण मला ते जमणार नाही. मी मान खाली घालून वहीत वेळ आणि नाव लिहीत होतो. मान वर केली तेव्हा कोलंबियाचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. ८३ वे मिनिट, पुन्हा पेनालोझा. दुसरा गोल मी पाहिलाच नाही आणि मला वाटते आपल्या बचावफळीतल्या मुलांनीही तो धड पाहिला नसावा. ती अजून पहिल्या गोलातच होती. बरोबरी साधल्यावरची दोन मिनिटे कशी काढायची हे कोणत्याही शिबिरात पुरते शिकवता येत नाही. ते अटीतटीचे सामने खेळूनच अंगात भिनते, आणि या मुलांच्या वाट्याला असे सामने फार थोडे आले होते. तुझ्या तक्त्यात या सगळ्याची नोंद ‘१-२, पराभव’ एवढीच आहे. तक्त्याचा त्यात दोष नाही, पण लेखाला ती सवलत नाही.

माझीही एक चूक सांगून टाकतो. घानाकडून ०-४ असे हरल्यावर मी एका दैनिकासाठी लिहिलेल्या लेखात ‘प्रयोग फसला’ असा निष्कर्ष घाईने काढला होता. पुढे त्याच तुकडीतले अमरजित सिंग, सुरेश सिंग वांगजाम, जीक्सन सिंग आणि अन्वर अली वरिष्ठ भारतीय संघातून खेळले. त्यांतल्या अन्वरला २०१९ मध्ये हृदयविकाराचे निदान झाल्याने खेळ थांबवावा लागला होता आणि तरीही २०२२ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला. कनिष्ठ संघाची कामगिरी त्या स्पर्धेच्या शेवटच्या शिट्टीला संपत नाही, तिचा खरा निकाल पाच-सात वर्षांनी लागतो. म्हणून तक्त्यात शेवटचा रकाना हाच ठेव: या तुकडीतले किती जण वरिष्ठ संघापर्यंत पोहोचले.

२०१८ च्या ओळीला तू फक्त ‘उपांत्यपूर्व फेरीत पराभव’ असे लिहून पुढे गेलास. माझ्या मते तुझ्या संपूर्ण तक्त्यातली सर्वांत जड ओळ तीच आहे. मलेशियातल्या त्या आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या भारतीय संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशिया यांच्याशी गोलशून्य बरोबरी केली आणि २००२ नंतर प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. उपांत्य फेरीतल्या चारही संघांना २०१९ च्या विश्वचषकाचे तिकीट मिळणार होते. दक्षिण कोरियाने उत्तरार्धात एक गोल केला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. यजमानपदाच्या कुबड्या नसताना विश्वचषकापासून एका सामन्याच्या अंतरावर आलेला हा संघ आणि यजमान म्हणून थेट विश्वचषकात खेळलेला २०१७ चा संघ यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कोणता श्रेष्ठ हे मी सांगत नाही, परंतु वाचकाला हा फरक कळायलाच हवा.

काही ओळी तुझ्या तक्त्यात नाहीत, कारण त्या कोणत्याच तक्त्यात नाहीत. बिबियानो यांचीच पुढची तुकडी २०१९ मध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानशी १-१ अशी बरोबरी करून बहारीनच्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरली होती. करोनाच्या साथीत ती स्पर्धाच रद्द झाली. मुलींच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. सतरा वर्षांखालील महिला विश्वचषक २०२० मध्ये भारतात व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि भारताला त्याऐवजी २०२२ चे यजमानपद मिळाले. तोवर वयाची मर्यादा दोन वर्षांनी सरकली होती, त्यामुळे २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली बाद झाल्या. त्यांनी सामना हरलाही नाही आणि जिंकलाही नाही. त्यांच्या नावापुढे काहीच नाही. २०२२ ला मैदानात उतरलेल्या मुलींनी भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे पराभव पत्करले. त्याच्या दोनच महिने आधी फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातल्यामुळे ही स्पर्धा येथे होणार की नाही हेही दीड आठवडा अधांतरी होते. सोळा गोलांचा आकडा लपवू नकोस, परंतु त्याच्या शेजारी हेही लिही.

विजयांबाबतही तितकेच सावध राहा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ चषकात भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले, तेही कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी. दीपक तांगरी आणि अन्वर अली यांचे ते गोल होते आणि समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी अर्जेंटिनाला विश्वविजेते केले. मलाही तो निकाल आठवला की बरे वाटते. परंतु ती निमंत्रितांची स्पर्धा होती, आणि त्याच स्पर्धेत मॉरिटानियाने आपल्याला ०-३ असे हरवले होते, हे सोयीस्करपणे गाळता येणार नाही. २०२३ च्या आशिया चषकातला जपानविरुद्धचा ४-८ हा निकालही असाच दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. जपान पुढे विजेता ठरला आणि त्याच्याविरुद्ध आपण चार गोल केले, हे जितके खरे तितकेच आठ स्वीकारले हेही खरे.

वयाबद्दल एक परिच्छेद लेखात असू दे. २००९ पासून फिफा सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढते. हाताच्या हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा पट्टा पूर्ण सांधला गेला असेल तर तो मुलगा सतरापेक्षा मोठा असण्याची शक्यता फार जास्त असते. त्याआधीचे निकाल, मग ते कोणत्याही देशाचे असोत, वाचताना ही चाळणी तेव्हा नव्हती एवढे ध्यानात ठेव.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवून आशिया चषकातली जागा मिळवली, ती ओळ तू शेवटी जोडली आहेस, ते योग्यच. त्या ओळीवरून मात्र मला तक्त्याची सुरुवात चुकलेली दिसली. तू २००२ पासून आरंभ केलास. १९७४ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शब्बीर अलींच्या नेतृत्वाखालील भारताने याच इराणशी २-२ अशी बरोबरी केली आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. प्रशिक्षक होते अरुण घोष. वयोगट निराळा असल्यामुळे ती नोंद स्वतंत्र तक्त्यात जाईल, पण लेखात तिला जागा हवी. दुरुस्त मसुदा आला की त्या परिच्छेदापुरता समास मोकळा ठेव, तेथे मला काही भर घालायची आहे.

कळावे,
तुझा शुभचिंतक