युद्धकाळात सिद्ध झालेला कोणता उपचार आज घरोघरी वापरला जातो?

माझ्या मते ठळक उदाहरण म्हणजे ओआरएस, अर्थात जलसंजीवनी. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांना नातेवाइकांकरवीच पाजण्यास सुरुवात केली. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे तत्त्व आधीच ठाऊक होते (ढाका व कलकत्त्याच्या रुग्णालयांत प्रयोगही झाले होते). परंतु अप्रशिक्षित माणसांच्या हातून ते साधेल, यावर फारसा विश्वास नव्हता. छावणीतील मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आला. आजच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) असते, जोडीला पोटॅशियम क्लोराइड असते आणि मीठ व ग्लुकोजचे प्रमाण कमी असते, हे मुख्य फरक.