तारीख नको, अट लिही

प्रिय,

युद्धविरामाच्या मसुद्यावर काम सुरू करण्याआधी दोन करार शेजारी ठेवून वाच: अंगोलाचा ३१ मे १९९१ चा बिसेस करार आणि मोझांबिकचा ४ ऑक्टोबर १९९२ चा रोम करार. दोन्ही देश १९७५ साली पोर्तुगालपासून सुटले, दोन्हीकडे सरकार आणि बंडखोर यांच्यात वर्षानुवर्षं यादवी. अंगोलात मतदानानंतर महिन्याभरात पुन्हा लढाई पेटली आणि ती २००२ पर्यंत धुमसत राहिली. मोझांबिकमध्ये निवडणूक पार पडली. कारणं अनेक आहेत, पण बरीचशी कलमांतच सापडतात.

आधी देखरेख बघ. बिसेसमध्ये युद्धविराम तपासायचं काम दोन्ही पक्षांच्याच संयुक्त आयोगाकडे होतं. पोर्तुगाल, अमेरिका आणि सोव्हिएत संघ निरीक्षक. संयुक्त राष्ट्रांकडे उरली ती तपासणाऱ्यांची तपासणी. त्यासाठी साडेतीनशेच्या आसपास लष्करी निरीक्षक, आणि देश १२ लाख चौरस किलोमीटरहून मोठा. रोम करारात देखरेख आयोगाचं अध्यक्षपदच संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे दिलं. तक्रार आली की ती कोणाच्या टेबलावर जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मसुद्यात अध्यक्ष कोण ही ओळ कधीही मोकळी सोडू नकोस. ‘परस्पर संमतीने’ हे शब्द दिसले की थांब. भांडणाऱ्यांनाच पंच नेमल्यासारखं होतं ते.

आता निवडणूक. अंगोलात दोन सैन्यांतून ५० हजारांचं एक सैन्य घडवायचं ठरलं होतं. ते नीट उभं राहण्याआधीच २९ आणि ३० सप्टेंबर १९९२ ला मतदान झालं. राष्ट्राध्यक्ष दुश सांतुशना ४९.६ टक्के, बंडखोरांचे नेते साविंबींना ४० टक्के. कोणालाच निम्म्याहून अधिक मतं नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे दुसरी फेरी व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण हरणाऱ्याच्या हाती अजून फौज होती आणि हरल्यावर मिळणारं काही नव्हतं. मोझांबिकमध्ये निवडणूक करारानंतर वर्षभरात व्हायची होती, पण सैनिकांना जमवून निःशस्त्र करायच्या छावण्या रखडल्या म्हणून ती ऑक्टोबर १९९४ वर नेली. संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रतिनिधी आल्दो आयेलो यांच्या पथकाचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. म्हणून वेळापत्रकात तारखेआधी अट लिही: ‘अमुक इतके सैनिक निःशस्त्र झाल्याची खात्री पटल्यावर ९० दिवसांनी मतदान’. देणगीदारांना तारीख हवी असते. ती द्यायची, पण अटीच्या मागून.

छावण्यांचं गणित स्वस्तात बसत नाही. मोझांबिकमध्ये ४९ छावण्या होत्या. महिने लांबले तशी तिथल्या सैनिकांत बंडं झाली. छावणी उघडण्याआधी पाणी, धान्य, डॉक्टर आणि घरी जायचा वाहनखर्च जमलाय का, ते प्रत्येक जागेसाठी लेखी मागून घे. निःशस्त्र झालेल्यांना तिथे आधी सहा महिन्यांचा पगार आणि त्यानंतर १८ महिने भत्ता मिळत राहिला. रेनामो या तिथल्या बंडखोर संघटनेला बंदूक सोडून राजकीय पक्ष बनण्यासाठी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा निधी उभारला गेला. यात लाच वाटावी असं काही नाही. बंडखोराला राजकारण परवडलं नाही, तर त्याच्याकडे एकच उद्योग उरतो. तरीही शेवटच्या क्षणी रेनामोचे नेते ध्लाकामांनी बहिष्कार जाहीर केला, मनधरणीनंतर मागे घेतला, आणि मतदानाला एक दिवस वाढवून द्यावा लागला. एक दिवस वाढवायची मुभा नियमांत आधीच लिहून ठेव.

रोम करार निर्दोष नव्हता. शस्त्रं पूर्ण जमा झाली नाहीत, रेनामोकडे हत्यारबंद माणसं उरली. २०१३ मध्ये पुन्हा चकमकी झाल्या, ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार करावा लागला आणि पाच हजारांहून अधिक लढवय्यांचं निःशस्त्रीकरण २०२३ मध्ये संपलं. तुझ्या मसुद्याला शस्त्रांची स्वतंत्र पुरवणी जोड: कोणत्या प्रकारची किती शस्त्रं, कोणत्या गावी जमा, कोण मोजणार, कोण नष्ट करणार, आणि तिसऱ्या पक्षाची सही कुठे.