बंदूक पाठीवर अन् हातात दगड : वाचकांचे प्रश्न

या वेळी गलवान, क्वाड, श्रीलंका असे प्रश्न ढिगाने आलेत. चार घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : सर, भारत-चीन दोन अणुबॉम्बवाले देश आणि सैनिक मात्र दगड-दांडक्यांनी भांडतात, हसावं की रडावं? आणि गोळी चालत नाही म्हणजे युद्ध होणार नाही असं धरून चालायचं का?

उत्तर : हसू नका हो, आपले २० जवान गेले त्यात. १५ जून २०२० ची रात्र, लडाखमधल्या गलवान नदीचा काठ, आणि शून्याखालचं तापमान. जखमी जवान त्या थंडीत उघड्यावर राहिले आणि त्यात गेले हे सेनेनेच सांगितलं होतं. बंदुका नव्हत्या असं नाही, बंदुका जवळ होत्या. पण १९९६ च्या करारात लिहिलंय की ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. करार करताना हेतू चांगलाच होता, पण झालं असं की गोळी म्हणजे युद्ध आणि गोळी सोडून बाकी सगळं नुसती झटापट, असा हिशोब बसला आणि तेवढ्या फटीतून खिळे ठोकलेल्या सळयांपर्यंत मजल गेली. चीनने स्वतःचे ४ मेले हे कबूल करायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला.

दक्षिण चीन समुद्रातही तेच, तिथे भांडण चीन आणि फिलिपीन्सचं. सिएरा माद्रे नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज फिलिपीन्सने १९९९ साली सेकंड थॉमस शोल या प्रवाळावर नेऊन मुद्दाम रुतवलं. आजही त्या गंजक्या पत्र्यावर मूठभर नौसैनिक राहतात आणि त्यांना रेशन नेणाऱ्या बोटी २०२४ च्या मध्यापर्यंत चिनी कोस्ट गार्ड अडवायचं, पाण्याचे जोरदार फवारे मारायचं. ३१ मे २०२४ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोस ज्युनियर सिंगापुरात म्हणाले की कुणी जाणूनबुजून आमचा माणूस मारला तर ते युद्धाच्या फार जवळ जाईल (अमेरिकेशी त्यांचा १९५१ पासून संरक्षण करार आहे, म्हणून या वाक्याला वजन). बरोबर १७ दिवसांनी चिनी कोस्ट गार्डची माणसं चाकू-कुऱ्हाडी घेऊन त्यांच्या रबरी बोटींना भिडली, बोटी फाडल्या, आणि एका नौसैनिकाचा अंगठा गेला. जीव नाही, अंगठा!

म्हणून मला भीती मोठ्या युद्धाची कमी आणि या फटीची जास्त वाटते. ज्याची ताकद वाढत जाते तो फटीत थोडं थोडं सरकत राहतो, आणि समोरच्याने किती सहन करायचं हे दिल्ली-मनिलात ठरायच्या आधी त्या रात्री तिथे उभा असलेला एखादा कर्नल नाहीतर बोटीचा कप्तान ठरवून मोकळा होतो.

प्रश्न : आपण अमेरिका-जपान-ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्येही आणि चीन-पाकिस्तानबरोबर एससीओमध्येही (शांघाय सहकार्य संघटना). दोन्ही डगरींवर हात ठेवून कसं चालेल?

उत्तर : चालेल की, चालतंयच. एकटं २०१७ साल काढून बघा. ८-९ जूनला अस्तानात भारत आणि पाकिस्तान एससीओचे पूर्ण सदस्य झाले, फोटोबिटो झाले, आणि आठवडा होतो न होतो तोच भूतानच्या सीमेवरच्या डोकलामला आपले आणि चीनचे सैनिक समोरासमोर, ते पुढे ७३ दिवस. २८ ऑगस्टला ते मिटलं, लगेच सप्टेंबरात पंतप्रधान ब्रिक्ससाठी चीनमधल्याच शियामेनला गेले. आणि नोव्हेंबरात मनिलात दहा वर्षं गार पडलेल्या क्वाडची बैठक पुन्हा बसली, तीही अधिकारी पातळीवरच. मुळात क्वाड म्हणजे नाटो नाही, एकावर हल्ला तर सगळे धावून येतील असं कुठलंही कलम त्यात नाहीये. मग एकाच डगरीवर बसून मिळणार काय? त्रास एवढाच की गरज पडेल तेव्हा दोन्हीकडचे म्हणणार, तुम्ही आमचे कुठे.

प्रश्न : श्रीलंका, मालदीव सगळे चीनच्या खिशात गेले ना?

उत्तर : हे व्हॉट्सॲपवर वाचायला बरं वाटतं. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीकडे गेलं हे खरं, पण ११२ कोटी डॉलर आले ते बंदरासाठी चीनकडून घेतलेलं कर्ज फेडायला नाही गेले, डॉलरची तिजोरी भरायला गेले, ते कर्ज तसंच राहिलं. आता २०२२ बघा. देश दिवाळखोरीत, आपण जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत दिली, आणि त्याच ऑगस्टमध्ये आपण नको नको म्हणत असताना युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला लागलंच. मग २०२४ उजाडताच कोलंबोने सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली. म्हणजे दोघांनाही थोडं थोडं खूश आणि थोडं थोडं नाराज.

मालदीवचंही तेच, राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू भारतीय सैनिकांना घालवतो म्हणून निवडून आले, मे २०२४ पर्यंत घालवलेही (विमान-हेलिकॉप्टर सांभाळायला आपलेच बिनवर्दीचे तंत्रज्ञ गेले ते वेगळं), आणि ऑक्टोबरात दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. दोन मोठे भांडत असतील तर लहान देशाची पत वाढते, हे त्यांना आपल्याआधी कळलंय. त्याला दगाबाजी म्हणायचं कशाला, आपणही अमेरिका आणि रशियाबरोबर दुसरं काय करतो?

प्रश्न : यूनो काय करतंय मग?

उत्तर : सुरक्षा परिषदेचे नकाराधिकारवाले कायम सदस्य अजूनही १९४५ चेच पाच, त्यातला एक चीन. त्यामुळे तिथे फार काही होत नाही. लवादाचं बघायचं तर १२ जुलै २०१६ ला समुद्र कायद्याखालच्या लवादाने फिलिपीन्सच्या बाजूने निकाल दिला, सेकंड थॉमस शोल त्यांच्याच आर्थिक क्षेत्रात येतं असंही त्यात आहे. चीनने निकाल मानलाच नाही. अंगठ्याच्या त्या प्रकारानंतर जुलै २०२४ मध्ये दोघांत तात्पुरतं काहीतरी ठरलं तेही मालकीचं नाही, जहाजावरच्या माणसांपर्यंत रेशन कसं पोचू द्यायचं एवढंच.