गोऱ्या कामगारांच्या युनियन काळ्या कामगारांच्या बाजूने का उभ्या राहिल्या नाहीत?

तुम्ही विचारलंय की कामगार चळवळ म्हटली की ती वसाहतवादाच्या आणि वर्णभेदाच्या विरोधातच असणार ना? तसं सरसकट नाही म्हणता येत. दक्षिण आफ्रिकेचंच बघा.

१९२२ ला जोहान्सबर्गच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या खाणींत गोऱ्या कामगारांनी मोठा संप केला. गोरे वीसेक हजार, काळे त्याच्या कितीतरी पट. खडकाला भोकं पाडायची काळ्याने पण सुरुंग उडवायचं सर्टिफिकेट मिळणार फक्त गोऱ्याला, आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक. सोन्याचा भाव पडल्यावर मालकांनी ठरवलं की महागडे गोरे कमी करायचे आणि काही कामं काळ्यांकडून स्वस्तात करून घ्यायची, म्हणजे गोऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता हे खरंच आहे. पण मग काळ्यांनाही आमच्याइतका पगार द्या असं म्हणायचं ना! ते नाही, वरच्या कामांवरची काळ्यांची बंदी उठवू नका ही मागणी. बॅनर काय, तर 'जगातल्या कामगारांनो, गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा आणि एक व्हा'. मला हे वाचून आजही संताप येतो. त्या संपात रस्त्यावरच्या काळ्या माणसांवर हल्ले झाले, जीव गेले.

पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तोफा आणि विमानं वापरून संप चिरडला. पण गोऱ्यांना मतदानाचा हक्क होता, १९२४ ला त्यांची लेबर पार्टी नॅशनल पार्टीबरोबर सत्तेत आली आणि १९२६ ला ती बंदी कायद्याने पक्की केली. काळ्या खाणकामगाराला मत नाही, वर १९२४ च्या कामगार कायद्यात पास (म्हणजे काळ्यांना सोबत ठेवावाच लागणारा परवाना) बाळगणारा काळा माणूस 'कर्मचारी' या व्याख्येतच बसत नव्हता, मग त्याच्या युनियनला कोण विचारणार?

त्यामुळे काळ्या कामगारांसाठी पगार आणि राजकीय हक्क ही एकच लढाई होती. करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचंही तेच. १९१२ ला आपले गोखले तिकडे जाऊन आले, करार संपल्यावर तिथेच राहणाऱ्या मजुरांवरचा वर्षाला तीन पौंडांचा कर रद्द होईल असं समजून परतले, पण तो गेला नाही. १९१३ ला गांधीजींच्या लढ्यात नाताळ प्रांतातल्या कोळसा खाणी आणि उसाच्या मळ्यांतल्या मजुरांनी काम बंद केलं तेव्हा कुठे १९१४ ला गेला.

ऑगस्ट १९४६ मध्ये काळे खाणकामगार रोज दहा शिलिंगांसाठी हजारोंनी संपावर गेले. पोलिसांनी आठवड्याभरात संप मोडला, किमान नऊ जण मेले. पण काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेतल्या तरुणांना कळलं की नुसत्या अर्ज-विनंत्यांनी काही होणार नाही, आणि १९५५ ला सगळ्या वर्णांच्या कामगारांना घेणारी युनियन काँग्रेस, म्हणजे युनियनांची एकत्र संघटना, निघाली ती थेट आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या आघाडीतच सामील झाली.